विंचवाचं बिऱ्हाड, परक्याची टाकी: फिरत्या ब्रुअरांची बिअर चाखावी कशी, तिच्यावर लिहावं कसं

माझी एक आत्या होळीला ज्या घरी असेल त्या घरी पुरणपोळी तिच्याच हातची व्हायची. घर दुसऱ्याचं, तवा दुसऱ्याचा, कणीक भिजवायचं पाणीही तिथलंच. पोळी आत्याची आहे हे पहिल्या घासाला कळायचं, तरी दर वर्षी ती थोडी वेगळी लागायची. नागपूरला वहिनीच्या जाड बुडाच्या तव्यावर खरपूस व्हायची, डोंबिवलीच्या नॉनस्टिकवर फिकट पडायची. एका वर्षी एक काका म्हणाले, "आक्काचा हात बिघडला." हात नव्हता बिघडला, तवा नीट तापत नव्हता.

फिरत्या ब्रुअरांच्या बिअरवर लिहिताना आपलं वारंवार त्या काकांसारखं होतं. या ब्रुअरांची स्वतःची ब्रुअरी नसते. ते कृती घेऊन जातात आणि दुसऱ्याच्या टाकीत बिअर बनवतात, कधी त्या घरच्या ब्रुअरला जोडीला घेऊन. पाश्चात्त्य देशांत त्यांना बरीच वर्षं 'जिप्सी ब्रुअर' म्हणत. तो शब्द एका समाजाला हिणवणारा असल्यामुळे आता बरेच जण 'नोमॅड' म्हणतात. आपल्याकडे विंचवाचं बिऱ्हाड आहेच.

यातलं सर्वांत गाजलेलं बिऱ्हाड कोपनहेगनचं मिकेलर. मिकेल बोर्ग ब्येर्गसो हा शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा. क्रिस्टियन केलर नावाच्या पत्रकार मित्राबरोबर त्यानं २००६ मध्ये कंपनी काढली. दोघांची नावं जोडून मिकेलर हे नाव झालं. ओट्स आणि कॉफी घातलेला 'बिअर गीक ब्रेकफास्ट' हा त्यांचा स्टाउट, म्हणजे भाजलेल्या धान्याची गडद बिअर, जगभर पोचला. पुढे त्यांची बरीचशी बिअर बेल्जियममध्ये, गेंट शहराजवळच्या लोक्रिस्टी गावातल्या डे प्रूफ या ब्रुअरीत बनू लागली. डिर्क नाउट्स यांनी सुरू केलेली ही ब्रुअरी इतरांच्या कृती अचूक उतरवून देण्यासाठीच ओळखली जाते. मिकेलचा जुळा भाऊ येप्पे यानं २०१० मध्ये 'एव्हिल ट्विन' काढली आणि पुढे न्यूयॉर्क गाठलं. दोघा भावांचं पटत नसे ही गोष्ट जगजाहीर होती, त्यामुळे कंपनीच्या नावातली खोच कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मिकेलच्याच शाळेतल्या विद्यार्थ्यांनी 'टो ओल' सुरू केली. डॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'दोन बिअर'. २०१९ मध्ये त्यांनी स्वतःची जागा घेतली आणि त्यांचं फिरस्तेपण संपलं.

अशी बिअर हातात आली की काय करायचं, ते आता सांगतो.

आधी लेबल वाचा, मग उघडा

दोन ब्रुअरींची नावं डब्यावर शेजारी दिसली म्हणजे दोघं एका टाकीवर वाकून उभे होते असं समजू नका. भागीदारीचे निदान चार प्रकार असतात.

पहिला, कृती एकाची आणि हात दुसऱ्याचे. फिरता ब्रुअर प्रत्यक्ष हजर असतोच असं नाही, कृती ईमेलनं जाते. दुसरा, खरोखर एकत्र घालवलेला दिवस. पाहुणा येतो, दोघे मिळून मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) ओततात, फोटो काढतात. पण तो जेमतेम एक दिवस असतो, पुढचे दोन-तीन आठवडे यीस्टकडे घरचा ब्रुअरच बघतो. तिसरा प्रकार मिश्रणाचा. याचं जुनं आणि गोड उदाहरण अमेरिकेतलं. कोलोराडोच्या एव्हरी आणि कॅलिफोर्नियाच्या रशियन रिव्हर या दोन्ही ब्रुअरींकडे 'साल्व्हेशन' नावाची बिअर होती. वकिलांकडे जाण्याऐवजी त्यांनी दोन्ही एकत्र मिसळल्या आणि २००६ मध्ये तिचं नाव ठेवलं 'कोलॅबोरेशन नॉट लिटिगेशन'. चौथा प्रकार फक्त लेबलापुरता: चित्र एकाचं, बिअर दुसऱ्याची नेहमीचीच. तो दुर्मीळ नाही.

म्हणून बारीक अक्षरं वाचा. 'अमुक यांनी तमुक ब्रुअरीत बनवली' अशी ओळ सहसा मागच्या बाजूला, बारकोडच्या आसपास असते. वहीत पहिली नोंद हीच करा: कृती कुणाची, टाकी कुणाची, गाव कुठलं. हे कळलं नाही तर 'टाकी: लेबलवर नाही' असं लिहा. वाचणाऱ्यासाठी तीही माहितीच असते.

मग तारीख. युरोपातल्या डब्यावर बहुधा 'या तारखेपूर्वी प्या' असं असतं, अमेरिकी डब्यावर पुष्कळदा भरल्याची तारीख, तीही महिना आधी आणि दिवस नंतर. ०४/०९ बघून सप्टेंबर समजलात आणि ती एप्रिलची निघाली तर तुमचं सगळं परीक्षण पाच महिन्यांनी चुकलं.

हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, वास सगळ्यांत आधी उडतो. आयपीए म्हणजे हॉप्स भरपूर घातलेली बिअर. ती थंड ठेवली तरीसुद्धा तीन महिन्यांनंतर पहिल्यासारखी राहत नाही. समुद्रमार्गे आलेली, गोदामातल्या उकाड्यात पडलेली आयपीए मुंबईत महागात घेऊन तिच्यावर लिहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते परीक्षण त्या ब्रुअरचं नसून कंटेनरचं होतं. आयात बिअरवरच हात साफ करायचा असेल तर दहा टक्क्यांहून जास्त अल्कोहोलचे स्टाउट, आंबट बिअर किंवा बेल्जियन पद्धतीच्या कडक बिअर घ्या. त्यांना प्रवास सोसतो. आयपीए मात्र जिथे बनते तिथे जाऊनच प्यावी. कोपनहेगन, स्टॉकहोम, लंडनला राहणाऱ्या मराठी वाचकांचा इथे मला मनापासून हेवा वाटतो.

मांडामांड

चकणा लांब ठेवा. मसाला शेंगदाणे, शेव, चिली चिकन यांच्या संगतीत बिअर पिता येते, पण चाखता येत नाही. साधा पाव आणि साधं पाणी पुरे. त्या दिवशी अत्तर नको, उदबत्ती नको आणि शेजारी सिगारेट नको. सर्दी असेल तर बेत पुढे ढकला. नाक बंद असताना लिहिलेली नोंद अंदाजपंचे असते.

ग्लास काचेचाच हवा, तोंडाशी किंचित आत वळलेला. ट्यूलिप मिळाला तर उत्तम, नाहीतर वाइनचा ग्लास चालतो. तो स्वच्छ असणं त्याच्या आकारापेक्षा महत्त्वाचं. भांडी घासायच्या साबणाचा पातळ थर राहिला की फेस लगेच बसतो. बिअर ओतल्यावर ग्लासच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून राहिले तर तो मळलेला आहे हे पक्कं. तपासायचं असेल तर ग्लास आतून ओला करून त्यात चिमूटभर मीठ उडवा. स्वच्छ काचेवर मीठ सगळीकडे सारखं बसतं, तेलकट जागी बसत नाही.

तापमानाबाबत आपल्याकडची 'चिल्ड' ही सवय मोडावी लागेल. घरचा फ्रिज साधारण चार अंश सेल्सिअसला असतो. लागरला, म्हणजे आपल्या नेहमीच्या फिकट बिअरला, ते ठीक. आयपीए सात ते दहा, सेझाँ (बेल्जियन पद्धतीची कोरडी बिअर) आठ ते बारा, इम्पीरियल म्हणजे जास्त कडक स्टाउट दहा ते चौदा अंशांवर खुलतो. म्हणजे स्टाउट अर्धा तास आधी बाहेर काढायचा. पुण्यातल्या मे महिन्यात दहा मिनिटं पुष्कळ झाली.

आता प्रमाणाचा हिशोब. हे ब्रुअर कडक बिअर करण्यात पटाईत. व्हिएतनामी 'विझल' कॉफी, म्हणजे उदमांजराच्या पोटातून आलेल्या बियांची कॉफी घातलेला मिकेलरचा 'ब्रंच विझल' १०.९ टक्क्यांचा. १२ टक्क्यांच्या ३३० मिलीच्या छोट्या बाटलीत जवळपास ४० मिली शुद्ध अल्कोहोल असतं. आपल्या ६५० मिलीच्या, पाच टक्क्यांच्या माइल्ड बाटलीत ३२.५. छोटी बाटली दिसते भाबडी, पण भारी पडते. म्हणून चौघांत एक बाटली, प्रत्येकाला ८० ते १०० मिली, आणि एका बैठकीत चार-पाचच बिअर. हलकीपासून कडक, साधीपासून आंबट आणि कडू अशा क्रमानं जा. गाडी घरी ठेवून या. पाचव्या बिअरनंतरच्या नोंदी दुसऱ्या दिवशी वाचून बघा, मग आकडा मी का सांगितला ते कळेल.

डोळे, नाक, जीभ आणि मराठी

ओतताना निम्मी बिअर तिरक्या ग्लासात आणि निम्मी सरळ मधोमध. फेस येऊ द्या. पण डोळ्यांचं काम अर्ध्या मिनिटात उरका: रंग, गढूळपणा, फेस किती टिकला. बिअरचे परीक्षक घडवणाऱ्या बीजेसीपी या अमेरिकी संस्थेच्या गुणपत्रिकेत ५० पैकी रूपाला ३ गुण आहेत. वासाला १२, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. आपण मात्र फोटोवर दहा मिनिटं घालवतो.

खरी मेहनत नाकाची. ग्लासवर तळहात झाका, हलकेच फिरवा, हात काढा आणि छोटे छोटे दोन-तीन हुंगे घ्या. लांब श्वास घेऊ नका, नाक लवकर थकतं. थकलंच तर स्वतःच्या शर्टची बाही हुंगा. तो वास ओळखीचा असल्यामुळे नाक पुन्हा ताळ्यावर येतं. पहिल्या हुंग्यात जे आठवलं ते लगेच लिहा, बरोबर की चूक ते नंतर बघू.

बहुतेक जण इथे अडतात, कारण इंग्रजी शब्द उसने घेतात. 'गूजबेरी', 'ब्रिऑश', 'स्टोन फ्रूट' असं लिहिणाऱ्या किती जणांनी गूजबेरी खाल्लेली असते? आपल्या घरातलं, बाजारातलं आठवा. सिट्रा जातीच्या हॉप्समध्ये मला पिकू घातलेला आंबा आणि लिची येते, मोझॅइकमध्ये करवंद आणि जांभूळ. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये वेलची केळं आणि लवंग. ती यीस्टमधून येतात, त्यात मसाला घातलेला नसतो. गडद मॉल्टमध्ये काकवी, खजूर, भाजलेली कॉफी, आणि जास्त झालं की करपलेली भाकरी. धुरकट मॉल्टमध्ये चूल. ब्रेटानोमायसिस या रानटी यीस्टमध्ये गोठा, आणि तो दोष असेलच असं नाही, कधी कधी हवाच असतो. लाइपझिगच्या बाजूची 'गोझे' ही आंबट बिअर मीठ आणि धने घालून करतात. मराठी माणसानं ती पहिल्यांदा प्यायली की एकच शब्द सुचतो: मठ्ठा. तोच लिहा. वाचणाऱ्याला लगेच समजेल.

मग घोट. छोटा घ्या, जिभेवर सगळीकडे फिरवा, गिळा आणि तोंड मिटून नाकानं श्वास सोडा. वाइनवाले थुंकतात, पण बिअरचा कडूपणा आणि मागे राहणारी चव गिळल्याशिवाय नीट कळत नाही. कडूपणाचा नुसता आकडा सांगू नका, जात सांगा. कारल्याचा कडू वेगळा, मेथीदाण्याचा वेगळा, मोसंबीच्या सालीचा वेगळा. इथे मराठीचा एक फायदा आहे. कडू आणि तुरट यांत आपली गल्लत होत नाही. कच्चं केळं किंवा सुपारी खाल्ल्यावर तोंड आवळतं तशी बिअर लागली तर ती 'तुरट' आहे. हा धान्याच्या टरफलातून जास्त ओढल्या गेलेल्या टॅनिनचा परिणाम असू शकतो. तीच बिअर इंग्रजीत बरेच जण 'बिटर' म्हणून सोडून देतात.

एक पथ्य. लेबलवरचा शब्द जिभेवर येतो, कारण तो आधी डोक्यात शिरलेला असतो. स्टॉकहोमच्या ओम्निपोलो या तेव्हा फिरत्या असलेल्या जोडीनं, म्हणजे हेनॉक फेंटी आणि कार्ल ग्रँडिन यांनी, इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या बक्स्टन ब्रुअरीबरोबर 'यलो बेली' काढली. नाव पीनट बटर बिस्किट स्टाउट, ११ टक्के. तिच्यात ना शेंगदाणा, ना लोणी, ना बिस्किट. लोकांना तिघांचीही चव लागते. म्हणून शक्य असेल तेव्हा एकानं आत जाऊन ओतावी, बाकीच्यांनी नाव न बघता पहिली नोंद करावी, आणि लेबल त्यानंतर बघावं. आधीची नोंद खोडायची नाही, तिच्याखाली दुसरी लिहायची.

दोष कुणाच्या खाती?

दोष ओळखायला चार-पाच वास पुरतात. आधी वास, मग तो कशाचा ते. गरम लोणी किंवा सिनेमागृहातला पॉपकॉर्न: डायअसिटिल. उकडलेलं कणीस: डीएमएस, म्हणजे डायमिथाइल सल्फाइड. कच्चं हिरवं सफरचंद: असिटाल्डिहाइड, बिअर टाकीतून घाईनं काढल्याची खूण. ओला पुठ्ठा किंवा पावसाळ्यात कपाटात राहिलेली वही: हवा लागून शिळी झालेली. पाचवा वास इंग्रजी पुस्तकांत 'स्कंक'चा असतो. तो प्राणी आपल्याकडे नाही, त्यामुळे शब्द उसना घेण्यात अर्थ नाही. हिरवी बाटली दिवसभर उन्हात ठेवा आणि मग हुंगा, तो वास जन्मात विसरणार नाही. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की तो तयार होतो. तपकिरी बाटली बराच बचाव करते, डबा पूर्ण.

आता आत्याच्या पोळीकडे या. स्टाउटमध्ये कॉफी जास्त झाली, मिरची नको तिथे घातली, गोडवा चिकट झाला, हा सगळा कृतीचा भाग. तो पाहुण्याच्या खाती टाका. कच्चं सफरचंद, कणीस, नको असलेला आंबटपणा हा बहुधा उकळण्याचा, आंबवण्याचा, स्वच्छतेचा प्रश्न, म्हणजे टाकीवाल्याचा. ओला पुठ्ठा प्रवासाचा आणि दुकानदाराचा. लोणी मात्र फसवं. टाकीतून येऊ शकतं, आणि न धुतलेल्या टॅपच्या नळीत वाढलेल्या जिवाणूंमुळेही येऊ शकतं. नळ्या साधारण दर दोन आठवड्यांनी धुवाव्यात असं मानतात. ग्लास परत देताना "नळी कधी धुतली?" हे हसून विचारायला हरकत नाही. उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून बरंच कळतं.

कुणाच्या खाती टाकायचं हे नक्की नसेल तर तसंच लिहा. 'लोणी आहे, टॅपवर प्यायली, डबा मिळाला नाही' हे वाक्य 'अमक्याचं नाव मोठं, लक्षण खोटं' यापेक्षा वाचणाऱ्याच्या जास्त उपयोगाचं आहे.

तीन ग्लासांची युक्ती

सहयोगी बिअरमध्ये खरंच दोन हात आहेत का, हे ताडून बघायची माझी पद्धत अशी. एक ग्लास यजमान ब्रुअरीच्या नेहमीच्या बिअरचा, एक पाहुण्याच्या दुसरीकडे बनलेल्या बिअरचा, आणि मधे ही जोडबिअर. आधी कडेच्या दोन्ही चाखा. यजमानाच्या यीस्टची एक सही असते: कुठे मिऱ्याची, कुठे नासपतीची, कुठे अगदी कोरडी. ती मधल्या ग्लासात दिसते का बघा. मग पाहुण्याची खोड शोधा: ओट्सचा मऊपणा, हॉप्सचा अतिरेक, काही विचित्र जिन्नस. काहीच सापडलं नाही तर भागीदारी लेबलापुरती असावी, असा संशय नोंदवायला हरकत नाही. पण 'संशय' हाच शब्द वापरा.

दोन बिअर वेगळ्या लागतात याची स्वतःलाच खात्री नसेल तर त्रिकोणी चाचणी करा. तीन सारखे ग्लास, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ओळखायचा. नुसत्या नशिबावर तीनातून एकदा बरोबर येतं, म्हणून सहा-सात वेळा करून बघा. मी पहिल्यांदा केली तेव्हा सहापैकी दोनदा बरोबर आलो, म्हणजे नुसतं नाणं उडवत होतो. त्याआधी त्याच दोन बिअरमधल्या 'स्पष्ट फरका'वर मी अर्धं पान लिहिलेलं होतं. ते फाडून टाकलं.

लिहिताना

सुरुवात कोरड्या माहितीनं करा: तारीख, जागा, टॅप की डबा, किती जुनी, अंदाजे तापमान, किंमत, कृती आणि टाकी. मग डोळे, नाक, जीभ. मत सगळ्यात शेवटी. गुण द्यायचेच तर ५० पैकी द्या. अनटॅप्ड या ॲपवर पाचापैकी पाव-पाव गुणांनी देता येतात, पण तिथे सगळ्यांचे गुण पावणेचारच्या आसपासच घोटाळतात आणि त्यातून फारसं काही कळत नाही. दुर्मीळ बाटली, लांबलचक रांग, कलात्मक लेबल यांना गुण नाहीत. त्यांचा उल्लेख करायचा तर वेगळ्या परिच्छेदात.

आपल्याकडे हा प्रकार अजून नवा आहे. पुण्यात डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली २००९ मध्ये. हा शब्द मुळात आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा. तिथल्या छावणीत जहाजाची वाट बघून डोकं फिरलेल्या गोऱ्या सोल्जरांवरून तो इंग्रजीत गेला आणि फिरून बिअरच्या पाटीवर आला. त्यानंतर पुणे-मुंबई-गोव्यात बरेच ब्रुअर उभे राहिले आणि एकमेकांच्या टाक्यांवर पाहुणे म्हणून जाऊ लागले. अशाच एका पाहुण्याच्या बिअरवरची माझी नोंद जशीच्या तशी देतो. नावं मुद्दाम गाळली आहेत.

'कोकम घातलेली गोझे. टॅपवर, १५० मिली, बरीच थंड, सात-आठ मिनिटं थांबलो. टाकी: यजमानाची. पाहुणा दुसऱ्या शहरातला. रंग: सोलकढीत दूध कमी पडावं तसा, फेस पांढरागुलाबी, पटकन बसला. वास: कोकम, ओले धने, मागे गरम लोणी. चव: मठ्ठ्याचा आंबटपणा, मीठ बेताचं, मग पुन्हा लोणी, आणि ते जात नाही. अंगानं हलकी, बुडबुडे भरपूर, तुरटपणा नाही. वास ७, रूप ३, चव १०, स्पर्श ४, एकूण ५. बेरीज २९. कोकमाची कल्पना पाहुण्याची असेल तर तिला दाद. लोणी कुणाचं ते कळलं नाही.'

चार दिवसांनी त्याच खेपेचा डबा मिळाला. घरी, पहिल्यापेक्षा जरा कमी थंड, स्वच्छ ग्लासात. लोण्याचा मागमूस नव्हता. धने आणखी ठळक झाले होते, कोकम शेवटपर्यंत टिकलं. वास ९, रूप ३, चव १४, स्पर्श ४, एकूण ७. बेरीज ३७. पहिली नोंद मी खोडली नाही. तिच्याखाली दुसरी तारीख घातली आणि लिहिलं: 'तवा बदलला.'